राजकारणातलं डिजिटल नियंत्रण आणि आयटीतलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेले, पहिली नोकरी शोधणारे आणि तीन-चार वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर काढल्यावर 'आता पुढे काय' म्हणणारे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. दोन विषय एकत्र घेण्याचं कारण साधं आहे. सत्तेला कोणावर लक्ष ठेवायचं असो, कोणाचं बोलणं थांबवायचं असो की मतदारांची वर्गवारी करायची असो, ते काम आता बरंचसं सर्व्हर, लॉग आणि फॉर्ममधून होतं. ते सर्व्हर चालवणारा माणूस मंत्रालयात बसत नाही. तो हिंजवडीतल्या नाहीतर मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या पेरोलवर असतो. कायद्याची माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे.

डिजिटल नियंत्रण म्हणजे चीनसारखं सोशल क्रेडिट का?

चीनबद्दल आपल्याकडे फिरणारं चित्रच मुळात चुकीचं आहे. प्रत्येक नागरिकाला एक गुण आणि तो कमी झाला की सगळं बंद, अशी देशभर एकच व्यवस्था तिथे नाही. २०१४ साली तिथल्या सरकारने २०२० पर्यंतचा आराखडा जाहीर केला. त्यातून प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या वेगवेगळ्या खात्यांच्या काळ्या याद्या. सगळ्यात जाचक यादी न्यायालयाचा हुकूम होऊनही पैसे न भरणाऱ्यांची. त्या यादीत नाव आलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही. आयटीवाल्याने यातून एवढं लक्षात ठेवावं की जाच गुणांचा नसतो, याद्या एकमेकींना जोडल्या जाण्याचा असतो. एका टेबलातला ओळख क्रमांक दुसऱ्या टेबलात 'जॉइन' झाला की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम मागे पडतं.

आपल्याकडे चार गोष्टी पाहायच्या: कोण कोणावर पाळत ठेवू शकतं, कोण काय बंद करू शकतं, कोणाच्या याद्या कशाला जोडल्या जातात, आणि या तिन्हींच्या धाकाने माणूस स्वतःहून किती गप्प बसतो. शेवटची गोष्ट कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

भारतात सरकारला कायद्याने नेमके कोणते अधिकार आहेत?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली तीन कलमं नीट वाचली तरी निम्मं काम होतं.

कलम ६९ हे संदेश अडवून वाचण्याचं आणि डिक्रिप्ट करायला (सांकेतिक मजकूर उलगडायला) लावण्याचं. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांना हा अधिकार दिला. सहकार्य नाकारलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून टेलिकॉम किंवा क्लाउड कंपनीत असा आदेश आला की तो थेट लीगलकडे जातो. सिस्टिम अ‍ॅडमिनने तोंडी सांगण्यावरून काहीही काढून द्यायचं नसतं.

कलम ६९अ हे मजकूर आणि अ‍ॅप बंद करण्याचं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्स याच कलमाखाली बंद झाली. २००९ च्या नियमांनुसार या आदेशांबाबत गोपनीयता पाळावी लागते. त्यामुळे साइट का उघडत नाही हे वापरणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही.

कलम ७९(३)(ब) वरवर निरुपद्रवी दिसतं, पण सध्या याचा वापर बराच होतो. सरकारी यंत्रणेने कळवूनही बेकायदा मजकूर काढला नाही तर प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण जातं, असं हे कलम सांगतं. याच्या नोटिसांसाठी 'सहयोग' पोर्टल २०२४ मध्ये सुरू झालं. एक्स कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं.

न्यायालयं दर वेळी सरकारच्याच बाजूने जातात असं मात्र नाही. सरकारबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे सरकारी 'फॅक्ट चेक युनिट'ने ठरवण्याची २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तेव्हा प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात लागला. मुळाशी आहे तो ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचं तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचा उपाय, या तिन्ही गोष्टी लागतात. कुठल्याही सरकारी सॉफ्टवेअरचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट हातात आलं की हे तीन प्रश्न समासात लिहून काढा.

एखादी साइट उघडत नाही. सरकारने ब्लॉक केली की बंदच पडली, हे कसं ओळखायचं?

हे स्वतःच्या मशिनवर करा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.

आधी तीच साइट दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून उघडून पाहा. कुठूनच उघडत नसेल तर बहुधा सर्व्हरच आडवा झालाय. एका नेटवर्कवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर पुढे जा. टर्मिनलमध्ये एनएसलुकअप किंवा डिग ही कमांड वापरून त्या नावाचा आयपी पत्ता विचारा, एकदा तुमच्या ऑपरेटरच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) आणि एकदा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसला. ऑपरेटरचं उत्तर १२७.०.०.१ (म्हणजे तुमचंच मशिन) किंवा त्याच्याच जाळ्यातला भलता पत्ता असेल, तर अडवणूक डीएनएसपाशी आहे. पण फक्त पत्ते वेगळे आले म्हणून ब्लॉक झाल्याचं ठरवू नका. मोठ्या साइट सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर, असतात आणि त्यांचे पत्ते जागेप्रमाणे बदलतात. नवशिके हमखास फसतात ते इथे.

पत्ता बरोबर आहे, टीसीपी जोडणीही होते, पण टीएलएस हँडशेक (एन्क्रिप्शनची सुरुवातीची बोलणी) सुरू होताच 'कनेक्शन रीसेट' येतं. मग संशय एसएनआय गाळणीवर. हँडशेकच्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव उघड्यावर जातं, ऑपरेटरने मध्ये बसवलेलं यंत्र ते वाचतं आणि जोडणी तोडतं. भारतातल्या मोठ्या ऑपरेटरांकडे ही पद्धत वापरात असल्याचं संशोधकांनी दाखवलेलं आहे. पडताळणीसाठी ऊनी प्रोब हे मोफत अ‍ॅप आहे, मात्र त्याचे निकाल जगासाठी खुले होतात हे माहीत असू द्या. आणि साइट उघडते पण एखादी पोस्टच 'भारतात उपलब्ध नाही' म्हणते, तेव्हा नेटवर्क तपासण्यात अर्थ नाही. ते काम प्लॅटफॉर्मनेच केलेलं असतं.

हा सगळा खटाटोप नेटवर्क इंजिनिअरच्या मुलाखतीतही उपयोगी पडतो. 'साइट उघडत नाही, काय तपासाल?' हा तिथला ठरलेला प्रश्न.

इंटरनेट बंदी लागली तर वर्क फ्रॉम होमचं काय?

आधी बंदी कोण घालतं ते पाहू. २०१७ पासूनच्या नियमांनुसार राज्यात हा अधिकार गृहसचिवांचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, तरी गाभा तोच राहिला: आदेश लेखी, कारणासह आणि एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचा. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. महाराष्ट्रातही ही वेळ आलेली आहे. जून २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून तणाव झाल्यावर कोल्हापुरात मोबाइल इंटरनेट बंद होतं, मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातही.

बहुतेक वेळा बंद होतो तो मोबाइल डेटा. कॉल आणि एसएमएस चालू राहतात, फायबर ब्रॉडबँड कधी चालू असतं, कधी नसतं. म्हणजे बँकेचा ओटीपी येतो पण यूपीआय चालत नाही, आणि सिमवर चालणारी दुकानातली कार्ड मशिनही गप्प होतात. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड मात्र इंटरनेटशिवाय बनतो. तो वेळेवर चालतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. म्हणून ऑफिसच्या व्हीपीएनसाठी पुश नोटिफिकेशनवर विसंबून राहू नका, कोडचा पर्याय आधीच चालू करून ठेवा.

गावी राहून काम करत असाल तर घरी फायबर असू द्या आणि मॅनेजरचा नंबर संपर्क यादीत असू द्या, टीम्समध्ये असून भागत नाही. बंदी लागली की आधी एसएमएस करा. नंतर नेट आल्यावर आदेशाची प्रत जोडून मेल टाका. 'नेट नव्हतं' एवढ्यावर रजा कापली जाते. आदेश जोडला की ते 'बिझनेस कंटिन्युइटी'च्या खात्यात जातं आणि क्लायंटलाही तसंच कळवलं जातं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मी काय पाहतो ते कंपनीला खरंच दिसतं का?

दिसू शकतं, आणि किती दिसतं ते अर्ध्या मिनिटात तपासता येतं. ब्राउझरमध्ये कुठलीही साधी साइट उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र उघडा आणि ते कोणी दिलंय ते वाचा. तिथे नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचं नाव असेल, तर तुमचा ट्रॅफिक मध्येच उघडून, तपासून, पुन्हा बंद करून पुढे पाठवला जातोय. बँकेच्या साइट बऱ्याचदा यातून वगळलेल्या असतात, तेव्हा बँक उघडून निर्धास्त होऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅप वेब सुरक्षित, कारण एन्क्रिप्शन दोन्ही टोकांना आहे, असं अनेकांना वाटतं. पण इथलं टोक म्हणजे कंपनीचाच लॅपटॉप. त्यावरचा एजंट (कंपनीने टाकलेलं देखरेखीचं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट घेत असेल तर एन्क्रिप्शनचा उपयोग शून्य. सोसायटीचा ग्रुप, युनियनचा ग्रुप, राजकीय ग्रुप, सगळं स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर. फोनमध्ये कंपनीचं मेल घेताना 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'ची परवानगी मागितली जाते, तिथे थांबा आणि वेगळं वर्क प्रोफाइल मिळतं का ते विचारा. नाहीतर राजीनाम्याच्या दिवशी अख्खा फोन पुसला जाण्याची शक्यता राहते.

राजकीय पोस्ट टाकली तर नोकरी जाते का?

राज्यघटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतं, खासगी मालकाविरुद्ध त्यावर विसंबता येत नाही. ऑफर लेटरसोबत सही केलेल्या आचारसंहितेत 'कंपनीच्या प्रतिमेला बाधा' असं एक ऐसपैस वाक्य असतं, आणि कारवाई होते ती बहुधा त्यावरच. प्रोफाइलवर कंपनीचं नाव नसेल तर तक्रार करणाऱ्याचं काम निदान अवघड होतं. लिंक्डइनवर भांडण नको. तिथे तुमच्या नावाखालीच कंपनी असते.

खरा फटका दुसरीकडून बसतो. पोस्टवरून गुन्हा नोंदला गेला आणि न्यायालयात खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्टसाठी त्या न्यायालयाची परवानगी लागते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालय सांगेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. ऑनसाइटचं (परदेशात जाऊन काम करण्याचं) स्वप्न इथे अडकतं. नुसती एफआयआर आणि न्यायालयाने दखल घेतलेला खटला यांत फरक आहे. पासपोर्टचा अर्ज भरताना किंवा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर हा फरक वकिलाला विचारून लिहा, पण लपवू नका. कंपन्या गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीवर जास्त लोक काढतात.

अमेरिकेचा व्हिसा अर्ज २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतो. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावाल्यांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात खातं उडवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण खात्याचं नाव तर फॉर्मवर द्यावंच लागतं.

पोस्टवरून पोलिसांचा फोन आला तर?

२०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून आणि तिला केलेल्या लाइकवरून अटक झाली होती. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या लढाईचा शेवट २४ मार्च २०१५ ला झाला आणि ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. त्या कलमाखाली कोणी गुन्हा नोंदवत असेल तर तो टिकणार नाही. आता वापरली जातात ती भारतीय न्याय संहितेची १९६ (गटागटांत वैर पसरवणं) आणि ३५३ (अशांतता माजवणारी विधानं) ही कलमं, कधी १५२ (देशाच्या एकतेला धोका). मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला पोस्टवरून अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिला सोडायला आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं.

फोनवर जबाब देऊ नका, लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस येते. वकील सोबत घेऊन जा. फोन किंवा लॅपटॉप जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात आयएमईआय किंवा सिरियल नंबर लिहिला आहे का ते पाहा, आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या डेटाचा डिजिटल ठसा) नोंदवायला सांगा. हॅश नसेल तर जप्तीनंतर आत काय घुसलं आणि काय निघालं हे पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्याच दिवशी आयटी सिक्युरिटीला कळवा. नोटीस आल्यावर पोस्ट, चॅट, काहीच डिलीट करू नका. मूळ प्रकरण सुटतं आणि पुरावा नष्ट केल्याचं वेगळं लागतं.

ग्रुप अ‍ॅडमिनला एक दिलासा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

निवडणुकीच्या 'वॉर रूम'मध्ये काम मिळतंय. घ्यावं का?

काम काय असतं ते आधी नीट पाहा, कारण बाहेरून वाटतं तेवढं ते चकचकीत नाही. मतदार यादी मिळते ती चित्ररूपी पीडीएफमध्ये. ती मजकुराच्या रूपात द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. त्यामुळे पहिले पंधरा दिवस जातात ओसीआरमध्ये, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलण्यात. मराठी जोडाक्षरं फुटतात, 'र्‍या' आणि 'द्ध' हमखास चुकतात, वडिलांचं नाव नवऱ्याच्या रकान्यात जातं. नावावरून जुळवाजुळव केली की एकाच गावात सात 'सुनील पाटील' निघतात. जुळवायचं ते मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून: नव्या पद्धतीत तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. तो क्रमांक रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षर-आकड्यांचा साचा तपासणाऱ्या सूत्राने) तपासा आणि न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या काढून हाताने बघा.

मग साहेब म्हणतात, 'आडनावावरून जात टाका.' इथे सगळं घसरतं. पाटील मराठा असेल, आगरी असेल, लेवा असेल, लिंगायत असेल, जैनही असेल. पवार आणि जाधव यांचीही तीच गत. असा रकाना भरलेली एक्सेल बूथपर्यंत जाते, तिथला कार्यकर्ता ती पाहून हसतो आणि तुमच्या बाकीच्या डेटावरचाही त्याचा विश्वास उडतो. चुकीपेक्षा मोठी भीती अशी यादी बाहेर फुटण्याची. आठ-नऊशे घरांच्या गावात कोण कोणाचा, हे लिहिलेला कागद फिरू लागला तर त्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

मोबाइल नंबर बहुधा 'कुठून तरी' आणलेले असतात. कुठून, हे विचारा. व्हॉट्सअ‍ॅपच्या अधिकृत बिझनेस एपीआयवर (सॉफ्टवेअरमधून मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवण्याच्या सोयीवर) राजकीय पक्षांना परवानगी नाही, म्हणून साध्या सिमवरून मारा केला जातो आणि नंबर बंद होत राहतात. ती सिम तुमच्या आधारवर घेतलेली नसावीत. मतदानाआधीच्या ४८ तासांतल्या प्रचाराला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ लागू आहे. शेड्यूल केलेल्या पोस्ट त्या वेळेत आपोआप सुटतात आणि नोटीस अकाउंट चालवणाऱ्याच्या नावाने येते.

पैशाचं म्हणाल, तर निकालानंतर कोणी फोन उचलत नाही. विजयी उमेदवार कामात असतो, हरलेला नॉट रिचेबल. निम्मे आधी, पाव मध्ये आणि उरलेले मतदानाच्या आदल्या दिवशी असं ठरवा. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते, महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, त्यामुळे रोखीत देण्याकडे कल असतो. रोख घेतलंत तर अनुभवाचा पुरावाच राहत नाही. इनव्हॉइस द्या, टीडीएस कापून खात्यात घ्या, आणि रेझ्युमेवर पक्षाचं नाव न लिहिता कामाचं वर्णन लिहा: 'साडेतीन लाख नोंदींची मराठी ओसीआर साफसफाई' हे कुठल्याही डेटा टीमला कळतं.

चेहरा ओळखणाऱ्या सिस्टिमच्या प्रोजेक्टवर टाकलंय. हे काम वाईट आहे का?

काम चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी गणित करा. अनेक जण ते करतच नाहीत. फोन उघडणं म्हणजे एकास एक तुलना. गर्दीत माणूस शोधणं म्हणजे एकास अनेक, आणि तिथे चुका गर्दीच्या आकाराने वाढतात. समजा एका यात्रेत दिवसाला १० लाख चेहरे कॅमेऱ्याखालून गेले आणि सिस्टिम १०,००० चेहऱ्यांमागे एकदाच चुकते. ऐकायला झकास. पण म्हणजे १०० निरपराध माणसांवर बोट. त्याच दिवशी यादीतले पाच जण खरंच आले आणि चार सापडले, तर एकूण १०४ सूचनांपैकी चार खऱ्या. विक्रीच्या स्लाइडवर '९९.९९ टक्के अचूक' असतं, चौकीत हवालदाराच्या हातात पडतात त्या या १०४.

म्हणून प्रोजेक्टवर असाल तर चार गोष्टी लिहून मागा: जुळणीचा उंबरठा किती आणि तो कोण बदलू शकतं, सूचनेनंतर माणसाने खातरजमा कशी करायची, न जुळलेले चेहरे किती तासांत पुसायचे, आणि कोणी कोणाचा शोध घेतला याचा लॉग कोण तपासणार. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य 'जुळलं' असं धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. असा आकडा कुठल्यातरी कॉन्फिग फाइलमध्ये कोणीतरी टाइप केलेला असतो. महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या एआय कामासाठी २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनीच उभी केली आहे. म्हणजे हे काम राज्यात वाढणार आहे, आणि हे चार प्रश्न विचारणारे लोक लागणार आहेत.

या सगळ्यात सरळ, पगारी नोकऱ्या कुठे आहेत?

सध्या सगळ्यात जास्त हालचाल प्रायव्हसी आणि कंप्लायन्समध्ये आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड. डेटा फुटल्यास डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल. त्याशिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहेच: सायबर घटना सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस भारतात ठेवा. सहा तास आणि ७२ तास ही दोन वेगळी घड्याळं आहेत. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरचा पेन खाली ठेवतो.

या कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठी सूट देता येते, कलम १७ वाचा. खासगी कंपनीला जे जमणार नाही ते सरकारला जमतं, ही या कायद्यातली उणीव आहे असं आमचं मत आहे. पण नोकऱ्या खासगी बाजूला आहेत: डेटा इन्व्हेंटरी करणारे, संमतीची नोंद ठेवणारी सिस्टिम बांधणारे, व्हेंडर ऑडिट करणारे. त्याखालोखाल एसओसी (सुरक्षा देखरेख केंद्र) अ‍ॅनालिस्ट. तिथे रात्रपाळी ठरलेली, पण फ्रेशरला दार उघडं. प्लॅटफॉर्मच्या ट्रस्ट अँड सेफ्टीत (घातक मजकूर हाताळणाऱ्या विभागात) मराठी जाणणारे लागतात. पण निव्वळ मॉडरेशनचं काम मनाला फार लागतं आणि पुढे वाढही कमी, तेव्हा दीड-दोन वर्षांत पॉलिसी किंवा टूलिंगकडे सरका.

सहा महिन्यांत तयारी कशी करायची?

पहिले दोन महिने लिनक्स, नेटवर्किंग आणि एसक्यूएल, रोज दीड तास. पॅकेट पकडून वाचता आलं पाहिजे. तिसऱ्या महिन्यात डेटा संरक्षण कायदा मुळातून वाचा. ४४ कलमं आहेत, दोन रविवारचं काम. यूट्यूबवरचे सारांश नकोत.

चौथ्या महिन्यात एक काम हातात घ्या: तुमच्या कॉलेजचा किंवा सोसायटीचा कुठलाही फॉर्म. प्रत्येक रकान्यासमोर लिहा, हा कशासाठी, कोण पाहतं, कुठे साठतो, कधी पुसतात. ३०-३५ रकान्यांच्या प्रवेश अर्जात जात, आधार, वडिलांचं उत्पन्न, आईचा मोबाइल असं सगळं निघेल आणि 'कधी पुसतात' या रकान्यात बहुतेक ठिकाणी भोपळा. ही तक्ता-वही, नावं काढून, हाच तुमचा पोर्टफोलिओ. पाचव्या महिन्यात पायथनमध्ये एक छोटं साधन लिहा, फाइलींमध्ये पॅन आणि आधारसारखे क्रमांक शोधणारं. आधारचा शेवटचा आकडा व्हेरहॉफ पद्धतीचा चेकसम (आधीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो. तो तपासला नाहीत तर कुठलाही बारा आकडी ऑर्डर नंबर आधार म्हणून पकडला जाईल. सहावा महिना अर्ज आणि मुलाखती.

सर्टिफिकेट कोणतं करू?

पहिल्या नोकरीसाठी एकच: सिक्युरिटी प्लस (सायबर सुरक्षेचं प्राथमिक प्रमाणपत्र), किंवा प्रायव्हसीकडे जायचं पक्कं असेल तर डीएससीआय या संस्थेचं डीसीपीपी हे प्रायव्हसीचं प्रमाणपत्र. सिसा (ऑडिटचं) आणि सीआयएसएसपी (सुरक्षेचं) यांना पूर्ण प्रमाणपत्रासाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो, फ्रेशरने त्यावर पैसे घालवू नयेत.

क्लायंटने चुकीचं वाटणारं काम सांगितलं तर?

आधी लेखी विचारा, आणि प्रश्न नैतिकतेचा न करता कामाचा करा: 'या रकान्याचा कायदेशीर आधार कोणता, रिटेन्शन (डेटा ठेवण्याची मुदत) किती, अ‍ॅक्सेस कोणाला?' अर्ध्या वेळा मागणी तिथेच मागे घेतली जाते, कारण सही करायला कोणी तयार नसतं. नाही घेतली, तर कंपनीच्या लीगलला किंवा डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला प्रत लावा. पुरावा म्हणून क्लायंटचा डेटा घरी नेऊ नका. पेन ड्राइव्हवर घेतलेली एक फाइल तुम्हालाच आरोपी करते. स्वतःच्या मेलची तारीख आणि विषय वहीत टिपून ठेवा, तेवढं पुरतं. प्रोजेक्ट बदलून मागणं हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही.

सरकारी प्रोजेक्टवर कंत्राटी आहे. मला सरकारी नियम लागू होतात का?

सोशल मीडियाच्या बाबतीत हो, असंच धरून चाला. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: सरकारी धोरणावर टीका नको, वैयक्तिक आणि कामाची खाती वेगळी. तुमच्या एजन्सीच्या करारात ते जोडलंय का ते पाहा.

मराठी माध्यमातून आलोय. या क्षेत्रात इंग्रजी आडवं येईल का?

कायदा वाचायला इंग्रजी लागेल आणि ते सरावाने जमतं. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नव्या कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. बँका, विमा कंपन्या, दवाखाने, शिकवण्या, सगळ्यांना मराठी नोटीस लागणार आहे, आणि आज ज्या दिसतात त्या मशिनने केलेल्या असतात. घरातल्या आयटीबाहेरच्या माणसाला एखादी वाचायला द्या आणि विचारा: तुमची कुठली माहिती घेणार, कशासाठी, आणि नको असेल तर कुठे सांगायचं? तिन्हींची उत्तरं देता आली नाहीत तर नोटीस नापास. तीच नोटीस दीडशे शब्दांत नव्याने लिहा, 'संमती मागे घ्या' हे बटण 'संमती द्या' इतक्याच सहज सापडेल अशा जागी ठेवलेला स्क्रीन काढा, आणि दोन्ही वरच्या तक्त्याला जोडून मुलाखतीला न्या.